सायकल थांबते, मग गतीचा पहिला नियम खरा कसा?

तुमच्या मुलीने तीन प्रश्न विचारलेत. एक, बाहेरून बल लागलं नाही तर गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते असं पुस्तक सांगतं, मग पेडल मारणं थांबवलं की सायकल का थांबते? दोन, बसने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, ते ‘जडत्वाचं बल’ किती असतं? तीन, जड वस्तूचं जडत्व जास्त असेल तर खाली पडतानाही ती हलक्या वस्तूच्या मागे राहायला हवी; तशी का राहत नाही? प्रश्न वेगवेगळे दिसले तरी गाठ एकच आहे. मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आणि पदवीपर्यंत पोचलेली मुलंही या गाठीत अडकलेली पाहतो. गणितं अचूक सोडवतात, पण वर फेकलेल्या चेंडूवरची बलं दाखवा म्हटलं की वरच्या दिशेने एक बाण काढून त्याच्यापुढे ‘हाताचं बल’ असं लिहून मोकळी होतात.

गाठ अशी आहे: गती टिकवायला बल लागतं, असं आपलं मन धरून चालतं. बलाचं काम गती बदलणं हे आहे. वेग वाढवणं, कमी करणं किंवा त्याची दिशा वळवणं, यांतल्या कशाहीसाठी बल हवं. जे चाललंय ते तसंच चालू राहायला काहीच लागत नाही. हे वाचायला सोपं आहे, पटायला मात्र माणसाला दोन हजार वर्षं लागली, तेव्हा मुलीला एका दिवसात पटलं नाही तर तिला रागावू नका.

सायकलपासून सुरुवात करू. सायकल आणि स्वार मिळून 80 किलोग्रॅम धरू आणि वेग ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. सपाट, चांगल्या रस्त्यावर टायर दबून पुन्हा फुगताना जो विरोध होतो तो साधारण 4 न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक) भरतो. हवेचा विरोध या वेगाला 7-8 न्यूटनच्या आसपास. एकूण 12 न्यूटन धरा. म्हणजे सव्वा किलोची पिशवी हातात धरताना जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच. एवढंसं बल 80 किलोच्या ऐवजाला मागे खेचत असतं आणि त्याचा वेग दर सेकंदाला फक्त 0.15 मीटर प्रतिसेकंद इतका कमी करतं. वेग उतरला की हवेचा विरोधही उतरतो, त्यामुळे पेडल न मारता सायकल सव्वाशे-दीडशे मीटर सहज जाते. मुलीला सांगा, सायकल ‘बल संपलं म्हणून’ थांबली नाही. तिला थांबवणारं बल तिथे होतं, आणि एवढं लहान होतं की डोळ्यांना जाणवलं नाही.

आता पेडल मारत एकाच वेगाने जाणाऱ्या सायकलकडे पाहा. मागचं चाक रस्त्याला मागे रेटतं आणि रस्ता सायकलला पुढे रेटतो, 12 न्यूटनने. विरोध मागच्या दिशेने 12 न्यूटन. बेरीज शून्य. वेग बदलत नाही. म्हणजे पहिला नियम जिथे मोडलेला दिसतो असं आपण म्हणत होतो, तिथेच तो तंतोतंत पाळला जातोय. आपले पाय सायकलला गती ‘देत’ नसतात, घर्षणाने आणि हवेने चालवलेली वजाबाकी भरून काढत असतात. सुरुवातीला उभ्या सायकलला वेग देताना मात्र खरंच जास्त जोर लागतो, आणि तो फरक मांड्यांना चांगला कळतो. (सायकलला पुढे ढकलणारं बाहेरचं बल रस्त्याचं घर्षण आहे, हे ऐकून मुलं चमकतात. पण गुळगुळीत बर्फावर पेडल मारून पाहा. चाक जागच्या जागी गरगरतं.)

घर्षण कमी करत नेलं तर काय होतं, हा विचार गॅलिलिओने शेवटपर्यंत नेला. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. समोरचा चढ सौम्य केला तर तेवढीच उंची गाठायला त्याला जास्त लांब जावं लागतं. चढ आणखी सौम्य केला तर आणखी लांब. आणि चढच काढून टाकला, समोर नुसतं सपाट केलं तर? उंची गाठायचीच नाही, मग थांबायला कारणही उरत नाही. मला हा युक्तिवाद विज्ञानातल्या सर्वांत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो, कारण जे प्रत्यक्षात कधीच करता येत नाही त्याच्यापर्यंत तो प्रत्यक्षात करता येणाऱ्या पायऱ्यांनी पोचवतो. गॅलिलिओ ‘सपाट’ म्हणताना पृथ्वीच्या पृष्ठभागाला समांतर असं धरून होता. गती सरळ रेषेत टिकते हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 साली स्पष्ट मांडलं आणि न्यूटनने 1687 साली ते आपल्या पहिल्या नियमात पक्कं केलं. आज प्रयोगशाळेत एअर ट्रॅक असतो. छिद्रांतून येणाऱ्या हवेच्या पातळ थरावर छोटी गाडी तरंगते, बोटाने हलकेच लोटली की टोकाला आदळून परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते, आणि बराच वेळ तिचा वेग उतरल्याचं जाणवतसुद्धा नाही. शाळेत असेल तर मुलीला तो नक्की दाखवा. तेवढ्या वेळात जे पटतं ते माझ्या तासाभराच्या बोलण्याने पटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येण्याआधी एक कसोटी देतो. माझ्या वर्गात ती रोज वापरली जाते. कुठलंही बल लिहिलंत की लगेच विचारायचं: हे बल कोण देतंय? बल देणारी वस्तू बोट दाखवून सांगता आली पाहिजे. टेबल, दोरी, रस्ता, हवा, चुंबक, पृथ्वी, काहीही चालेल, पण नाव हवं. नाव सांगता आलं नाही तर तो बाण खोडायचा. वर फेकलेल्या चेंडूचंच पाहा. चेंडू हातातून सुटला की हाताचा त्याच्याशी संबंध संपला. आता त्याला स्पर्श करणारी फक्त हवा आहे आणि दुरून खेचणारी पृथ्वी. हवा क्षणभर विसरलो तर एकच बाण उरतो, खालच्या दिशेचा. चेंडू वर जाताना तो खाली आहे, खाली येताना खाली आहे आणि अगदी वरच्या टोकाला, जिथे चेंडू क्षणभर थांबतो, तिथेही तो तेवढाच खाली आहे. तिथे वेग शून्य असतो, बल शून्य नसतं. वर जाण्यासाठी वरच्या दिशेचं बल लागत नाही, कारण वरचा वेग त्याच्याकडे आधीपासून आहे. बल तो वेग दर सेकंदाला 9.8 मीटर प्रतिसेकंद इतका खाऊन टाकतंय, एवढंच.

आता बस. बस ताशी 36 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 10 मीटरने चाललीय आणि तुम्ही मध्ये उभे आहात. तुमचाही वेग सेकंदाला 10 मीटर. चालकाने जोरात ब्रेक मारला, बस दोन सेकंदांत थांबणार. बसला रस्त्याने धरलं. तुमच्या बुटांना बसच्या तळाने धरलं. पण कमरेवरच्या शरीराला अजून कुणी धरलेलं नाही, ते आपल्या 10 मीटर प्रतिसेकंदाने चाललंय. पाय मागे राहतात, धड पुढे जातं, तोल जातो. कसोटी लावा: तुम्हाला पुढे ढकलणारी वस्तू कुठली? मागे कुणी उभं नाही, पाठीला कशाचा स्पर्श नाही. म्हणजे पुढच्या दिशेचं बल नाहीच. फुटपाथवर उभं राहून पाहणाऱ्याला हे स्वच्छ दिसतं: प्रवासी होता तसाच चाललाय, बस त्याच्या खालून मागे पडतेय. तेव्हा ‘जडत्वाचं बल किती’ याचं उत्तर असं की जडत्व हे बलच नाही. गतीतल्या बदलाला वस्तू किती दाद देत नाही, त्याचं ते माप आहे आणि ते किलोग्रॅममध्ये मोजलं जातं, न्यूटनमध्ये नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बसमध्ये बसूनच गणित करायचं ठरवलं तर एक ‘आभासी बल’ धरून उत्तर बरोबर काढता येतं, आणि पुढे अभियांत्रिकीत ते सर्रास करतात. ती गणिताची सोय आहे. वेग बदलणाऱ्या गाडीला स्थिर मानल्याची भरपाई म्हणून तो बाण काढावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: शाळकरी मुलांना हे आभासी बल आधी शिकवू नये. खरी बलं ओळखता येईपर्यंत ते दूर ठेवावं, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते आणि ती पुढे वर्षानुवर्षं निघत नाही.

वळणावर ‘बाहेर फेकलं जाणं’ हेही याच जातीचं. गाडी डावीकडे वळते, तुम्ही सरळ जात असता, म्हणून उजवा दरवाजा येऊन तुम्हाला टेकतो आणि डावीकडे रेटू लागतो. अंगाला जाणवणारा दाब खरा आहे, पण त्याची दिशा आतली आहे. वॉशिंग मशीनचा ड्रायर पाहा. ड्रमची भिंत कपड्यांना सतत आत ढकलत राहते म्हणून ते गोल फिरतात. पाण्याच्या थेंबासमोर भोक आलं की त्याला आत ढकलायला तिथे भिंतच नसते, मग तो सरळ निघून जातो. पाणी ‘बाहेर फेकायला’ कुठलंही बल लागत नाही.

याच विषयात एक जागा अशी आहे जिथे गैरसमज परीक्षेतल्या गुणांपुरता राहत नाही, जिवावर बेततो. पुष्कळ लोकांना वाटतं की गाडीत लहान मूल मांडीवर घट्ट धरलं की झालं. हिशोब करून पाहा. मूल 10 किलोचं. गाडी ताशी 54 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 15 मीटरने चाललीय आणि समोर आदळून एक दशांश सेकंदात थांबली. मुलाचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, 10 गुणिले 15, म्हणजे 150. तो 0.1 सेकंदात शून्यावर आणायला सरासरी 1500 न्यूटन बल लागतं. 150 किलोचं ओझं अचानक हातांत येण्यासारखं ते आहे. कुणाच्याही हातांना ते पेलणार नाही, कितीही माया असली तरी. मूल हातातून सुटतं आणि 15 मीटर प्रतिसेकंद याच वेगाने पुढे जात राहतं, समोरच्या कठीण वस्तूवर आदळेपर्यंत. तिथे थांबायला एक शतांश सेकंद मिळाला तर बल दहापट होतं. सीटबेल्ट, एअरबॅग, गाडीचा चेपणारा पुढचा भाग या सगळ्यांचं काम एकच: थांबायला लागणारा वेळ वाढवायचा, म्हणजे बल कमी होतं. छातीवरून तिरका आणि कमरेवरून आडवा जाणारा तीन बिंदूंचा पट्टा निल्स बोहलिन या अभियंत्याने तयार केला आणि व्होल्वोने तो 1959 मध्ये गाड्यांत आणला. मुलासाठी त्याच्या मापाची वेगळी सीट हवी आणि ती पट्ट्याने बांधलेली हवी. मुलीला हे गणित स्वतः करू द्या, आकडे बदलून करू द्या.

वेळेचा हा मुद्दा आणखी एका प्रयोगात फार छान दिसतो. एक किलोचं वजन साध्या दोऱ्याने टांगा आणि वजनाच्या खालच्या बाजूला तसाच दुसरा दोरा बांधा. खालचा दोरा हळूहळू ओढला तर वरचा तुटतो. खालच्याच दोऱ्याला झटकन हिसका दिला तर खालचा तुटतो आणि वजन वर तसंच लटकत राहतं. (खाली उशी ठेवा, पाय लांब ठेवा.) ‘जडत्वामुळे’ असं एका शब्दाचं उत्तर मुलं लिहितात आणि त्यांना गुण मिळतातही, पण त्या शब्दाने काही उलगडलेलं नसतं. उलगडा असा. दोरा 15 न्यूटनला तुटतो असं धरा. वरच्या दोऱ्यावर वजनाचा 10 न्यूटनचा भार आधीच आहे. हळू ओढलं की तुमची ओढ त्यात मिळते; तुम्ही 5 न्यूटनवर पोचलात की वरच्यावर 15 होतात आणि तो जातो, खालच्यावर तेव्हा फक्त 5 असतात. हिसक्यात मात्र खालच्या दोऱ्यावरचा ताण एक शतांश सेकंदात 15 न्यूटनवर जातो. वरच्या दोऱ्याला ही बातमी कळायची तर आधी तो ताणला गेला पाहिजे, आणि तो ताणला जायचा तर मधलं वजन खाली सरकलं पाहिजे. एक किलोला 15 न्यूटनची पूर्ण ओढ मिळाली तरी एक शतांश सेकंदात ते फार तर पाऊण मिलिमीटर सरकतं. तेवढ्याने वरचा दोरा तुटण्याइतका ताणला जात नाही. वजन ‘हलत नाही’ असं नाही. पुरेसं हलण्याइतका वेळ त्याला मिळत नाही.

ग्लासखालचा कागद खेचण्याचा प्रयोग सगळ्यांनाच माहीत असतो, त्याचंही असंच. कागद घर्षणाने ग्लासला ओढतच असतो. घर्षणगुणांक, म्हणजे घर्षणाचं बल वजनाच्या किती पट असू शकतं तो आकडा, 0.2 धरला तर ग्लासला मिळू शकणारं त्वरण (वेग बदलण्याचा दर) जेमतेम 2 मीटर प्रतिसेकंद वर्ग. कागद त्याहून कमी त्वरणाने खेचला तर ग्लास मुकाट्याने बरोबर येतो. कागद झटकन, समजा 0.05 सेकंदात निघाला तर तेवढ्या अवधीत ग्लास अडीच मिलिमीटर सरकतो, आणि आपण म्हणतो की तो जागचा हलला नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून पाहा, ते सरकणं दिसतं. आणि इथेच एक गंमत आहे जी तिसऱ्या प्रश्नाकडे नेते. पुष्कळ जण सांगतात की ग्लास पाण्याने भरून घ्या, जडत्व वाढतं, प्रयोग सोपा होतो. पण ग्लास जड झाला की तो कागदावर जास्त दाबतो, म्हणजे घर्षणाचं बलही त्याच प्रमाणात वाढतं. वस्तुमान दुप्पट, बल दुप्पट, त्वरण तेवढंच. भरलेला आणि रिकामा ग्लास सारखेच सरकतात. भरलेला ग्लास लडबडत नाही आणि सहज कलंडत नाही, एवढाच काय तो फायदा.

मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच घडणीचं आहे. जड वस्तूचं जडत्व जास्त, हे तिने अगदी बरोबर पकडलं. 10 किलोच्या गोळ्याला वेग देणं एक किलोच्या गोळ्यापेक्षा दहापट अवघड. पण पृथ्वी त्याला ओढतेही दहापट: 9.8 न्यूटनच्या जागी 98. भागाकार दोन्हीकडे तोच येतो. हवा नसली तर पीसही मागे राहत नाही. 1971 मध्ये अपोलो 15 मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून ते दाखवलं. हवा असली की चित्र बदलतं, कारण हवेचा विरोध वस्तुमानावर ठरत नाही. वस्तूचा आकार आणि वेग यांवर ठरतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटरपर्यंतच पोचतो. तिथे हवेचा विरोध आणि वजन बरोबरीत येतात आणि पुढे तो एकाच वेगाने पडतो, पेडल मारणाऱ्या सायकलसारखाच.

पण मुलगी हुशार आहे, ती पुढचा प्रश्न विचारेल: जडत्व आणि पृथ्वीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी, मग दोन्ही एकाच प्रमाणात का वाढतात? त्या खरोखर वेगळ्या आहेत. अंतराळस्थानकात अंतराळवीर साध्या वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा शून्य दाखवतो, तरी त्याचं जडत्व कणभरही कमी झालेलं नसतं. म्हणून तिथे माणसाचं वस्तुमान मोजायला त्याला ठरावीक बलाने ओढतात आणि त्वरण मोजतात, किंवा स्प्रिंगवर हेलकावे देऊन एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते पाहतात. पृथ्वीवर मात्र ओढ आणि जडत्व यांचं प्रमाण सगळ्या पदार्थांना तेच निघतं. न्यूटनने सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा पदार्थांचे समान लांबीचे लंबक करून ते ताडून पाहिलं. 2016 मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप या उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या नळकांड्यांवर तेच तपासलं; एकावर चौदा शून्यं मांडल्यावर जी संख्या होते, तितक्या भागांत एका भागाचाही फरक सापडला नाही. न्यूटनच्या नियमांत या बरोबरीचं कारण नाही, ती नुसती तशी आहे. आइन्स्टाइनने 1907 साली हाच धागा पकडला आणि 1915 मध्ये पूर्ण केलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त त्यावर उभा केला.

न्यूटनचा प्रयोग घरी करता येतो. दोन सारखे दोरे घ्या, एकाला लोखंडी नट बांधा, दुसऱ्याला लाकडाचा ठोकळा. टांगलेल्या बिंदूपासून वस्तूच्या मध्यापर्यंतची लांबी दोन्हींची अगदी सारखी ठेवा, ती जरा जरी चुकली तर प्रयोग फसतो. दोन्ही थोडेसेच बाजूला घेऊन एकदम सोडा आणि हेलकावे मोजा. ठोकळ्याचा झोका हवेमुळे लवकर लहान होईल, पण एका हेलकाव्याला लागणारा वेळ दोघांचा सारखाच राहील. तसा का राहतो, हे मुलीला तिच्या शब्दांत लिहू द्या. तिने लिहिलेलं इथे पाठवलंत तर मी ते वाचून उत्तर देईन.